गावाचे अंदाजपत्रक आणि आपली वस्ती

(वर्षावासात नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



वर्षावासाच्या सभेत वकिलाने पंचशीलावर बोलण्याऐवजी ग्रामपंचायतीच्या जमाखर्चावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. विषय रुक्ष आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. परंतु आपली गाऱ्हाणी घेऊन जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांतील निम्मी गाऱ्हाणी या रुक्ष विषयाच्याच पोटी जन्मलेली असतात. वस्तीतील गटार तुंबले आहे, घरकुलाच्या यादीत नाव नाही, स्मशानभूमीकडे जाण्यास वाट नाही, नळाचे पाणी गावाच्या वरच्या अंगाला येते आणि आपल्याकडे येईपर्यंत आटते. या मंडळींनी तहसीलदारांस निवेदन दिलेले असते, आमदारांस भेटून झालेले असते, वेळप्रसंगी उपोषणही केलेले असते. मी त्यांना एकच प्रश्न विचारतो. तुमच्या पंचायतीचे या सालचे अंदाजपत्रक तुम्ही पाहिले आहे काय? या प्रश्नाला होकारार्थी उत्तर फार क्वचित मिळते.

पंचायतीचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. ज्या कामासाठी या वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही, ते काम कितीही न्याय्य असले तरी त्यावर पैसा खर्च करण्यास पंचायतीला सहसा वाव उरत नाही. सरपंच हात वर करतात आणि सांगतात, तरतूद नाही. हे उत्तर खोटे नसते. तरतूद का नाही, ती कोणी वगळली आणि कोणत्या दिवशी वगळली, हा खरा प्रश्न. तो त्या दिवशी विचारावयाचा असतो. पुढे सहा महिन्यांनी तहसील कचेरीच्या दारात बसून विचारावयाचा नसतो.

ठराव आणि वस्तुस्थिती

स्थानिक संस्थांच्या कारभाराशी आपल्या चळवळीचा संबंध आजचा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. या ठरावातील ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. हक्काचा पाया म्हणून बोल्यांनी कोणाच्या भूतदयेकडे बोट दाखविले नाही, खजिन्याकडे दाखविले. ज्या तळ्यासाठी सर्वांच्या करातून पैसा जातो, ते तळे सर्वांचे.

त्यानंतर महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने, १९२४ च्या जानेवारीत आपल्या ताब्यातील पाणवठे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला, आणि चवदार तळ्याचे पाणी जसेच्या तसे राहिले. तीन वर्षे कोणीही अस्पृश्य त्या तळ्यावर गेला नाही, कारण जाऊ दिले जाणार नाही हे प्रत्येकास ठाऊक होते. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी पुन्हा कौन्सिलात उभे राहून मागणी केली की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. एवढ्या वर्षांपूर्वी त्या गृहस्थांनी ओळखले होते की संस्थेचे मन वळविण्याचा एक मार्ग तिच्या तिजोरीतून जातो. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका नगरपालिकेचा एक ठराव कागदावरून जमिनीवर उतरण्यास किती काळ लागला, याचा हिशेब आपण स्वतः करावा.

बाबासाहेबांची ओळख आपण घटनाकार म्हणून करून देतो. पण ते मूळचे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे विद्वान. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा कोणाकडून गोळा होतो, कोणत्या पातळीवरील सत्तेच्या हाती जातो आणि शेवटी कोणावर खर्च होतो, हे त्यांनी तरुणपणीच मुळापासून तपासले होते. म्हणूनच ६ ऑक्टोबर १९३२ रोजी, पुणे करारानंतर दोनच आठवड्यांनी, ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतींना त्यांनी कसून विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याला घटनेचे मूळ परिमाण मानण्यास नकार दिला आणि व्यक्तीला ते स्थान दिले. त्यांना खेडे माहीत होते.

पुढे ७३ वी घटनादुरुस्ती आली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. ग्रामपंचायत ही आता घटनेने मान्य केलेली संस्था आहे. अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव झाल्या. स्त्रियांसाठी घटनेने किमान एक तृतीयांश जागा ठेवल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. बाबासाहेबांनी १९३२ साली जे मागितले, ते साठ वर्षांनी घटनेच्या मजकुरात आले. घटनेचे अनुच्छेद २४३-जी पंचायतींच्या योजनांचे हेतू दोन सांगते: आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय. गावच्या वेशीवर कमान उभारली म्हणजे विकास झाला, असे मानणाऱ्या पुढाऱ्यांस हे दुसरे शब्द आठवत नाहीत. ते आपण त्यांना आठवून द्यावेत. भीक मागणाऱ्याच्या स्वरात नव्हे, घटना वाचून दाखविणाऱ्याच्या स्वरात.

जमा आणि खर्च

आता प्रत्यक्ष अंदाजपत्रकाकडे वळू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची दप्तरे ठराविक नमुन्यांत ठेवावी लागतात. २०११ च्या नियमांप्रमाणे असे तेहेतीस नमुने आहेत. पैकी नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. त्याची एक बाजू जमेची आणि दुसरी खर्चाची. जमेत दोन प्रकारचा पैसा असतो. एक पंचायतीचा स्वतःचा, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची फी, जागेचे भाडे इत्यादी. दुसरा वरून येणारा, म्हणजे वित्त आयोगाचा निधी आणि निरनिराळ्या योजनांची अनुदाने. हे दोन पैसे वेगळे ओळखण्यास प्रथम शिकले पाहिजे, कारण दोहोंवरील आपल्या हक्काची तऱ्हा वेगळी आहे.

वरून येणारा पैसा बहुधा बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांस मिळालेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांवरच खर्चावी, असे बंधन होते. ज्या वस्तीस गटार नव्हते, तिला हे बंधन उपकारक होते. पण आमचे गटार त्या आराखड्यात घ्या, असे सांगण्यास कोणी गेले नाही तर त्याच पैशातून दुसऱ्याच आळीत दुसऱ्यांदा गटार झाले. सोळाव्या आयोगाचा काळ २०२६-२७ पासूनचा. त्याच्या अटी पंचायतीच्या कागदांवरूनच वाचून घ्याव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मामला निराळा. या उत्पन्नाचे १५ टक्के अनुसूचित जाती, जमाती व नवबौद्ध यांच्यासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के अपंग बांधवांसाठी खर्चण्याचे बंधन महाराष्ट्रातील पंचायतींवर आहे. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील आपल्यासाठीचे प्रमाण २० टक्के. एखाद्या पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला ४,००,००० रुपये धरले, तर आपल्या वाट्याचे ६०,००० रुपये झाले. ही रक्कम मोठी नाही. तिच्यातून कोणाचे दारिद्र्य हटणार नाही. परंतु दरवर्षीच्या ६०,००० रुपयांतून दहा वर्षांत एका वस्तीत काय काय उभे राहू शकले असते, याचा विचार करा. आणि मग आपल्या वस्तीकडे पाहा.

या रकमेचा हिशेब नमुना २८ मध्ये ठेवावयाचा असतो. हा क्रमांक आपल्या मुलांकडून वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका गावच्या मंडळींनी माहितीच्या अधिकारात हा नमुना मागविला, तेव्हा १५ टक्क्यांच्या सदराखाली एका उंच विजेच्या दिव्याचा खर्च दाखविलेला आढळला. तो दिवा उभा होता पंचायत कचेरीसमोरच्या चौकात. वस्तीतील लोकही त्या चौकातून जातात, सबब प्रकाश त्यांनाही मिळतो, असा खुलासा लेखी देण्यात आला! मंडळींनी तो खुलासा विस्तार अधिकाऱ्यांपुढे ठेवला. पुढील वर्षी त्या सदराखाली वस्तीतील दोन गल्ल्यांचे काँक्रीटीकरण झाले. त्यासाठी त्यांनी मोर्चा काढला नाही. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज आणि तीस दिवसांची वाट, एवढ्यावर काम झाले. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते दहा रुपयेही माफ आहेत.

असे सर्वत्र घडते असा माझा दावा नाही. कोठे कागद मिळतच नाहीत, कोठे मार्चअखेर जवळ आला की सतरंज्या, पातेली आणि ध्वनिक्षेपक खरेदी करून १५ टक्क्यांचा खर्च एका दिवसात आटोपला जातो. आपलीच माणसे त्या सतरंज्यांच्या पावतीवर सही करतात. तेथे दोष केवळ पंचायतीचा म्हणता येत नाही.

धर्मांतर आणि हक्क

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एका शंकेचे निरसन करणे जरूर आहे. पुष्कळ गावांत कारकुनापासून सदस्यापर्यंत कोणीतरी सांगतो की तुम्ही आता बौद्ध झालात, तुमची जात गेली, तेव्हा तुमची सवलतही गेली. हे कायद्याच्या दृष्टीने चूक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात प्रथम फक्त हिंदूंचा समावेश होता. ज्या मोजक्या शीख जातींना त्यात घेतले होते, त्या वगळता इतर शीख दलितांसाठी तो आदेश १९५६ साली बदलला. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती राज्यस्थापनेनंतर नवबौद्धांस लागू केल्या होत्या, पण केंद्राच्या दृष्टीने आपण चौतीस वर्षे कोठेच नव्हतो. त्या काळात ज्यांनी दीक्षा घेतली आणि सवलत गमावली, त्यांच्या त्यागाची किंमत आजच्या पिढीला कळणे कठीण आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेली व्यक्ती अनुसूचित जातीचीच गणली जाते. शासनाच्या योजनांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असे शब्द जोडून येतात, ते याच कारणाने.

यातून एक अवघड प्रश्न निघतो, आणि तो मी टाळणार नाही. जनगणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात आपण ‘बौद्ध’ लिहितो, ते लिहिलेच पाहिजे. परंतु जातीच्या रकान्यात काय लिहावे? जे नाव आपल्या आजोबांनी दीक्षाभूमीवर टाकून दिले, ते पुन्हा आपल्या हाताने का लिहावे, असे तरुण मला विचारतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. माझ्या मनातही ती आहे. तरी वकील या नात्याने माझे मत उलट आहे. पंचायतीतील राखीव जागांची संख्या, वस्तीसाठी येणाऱ्या निधीची रक्कम, या सर्व गोष्टी अनुसूचित जातींच्या मोजलेल्या लोकसंख्येवर ठरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेत वस्तीची लोकसंख्या हाच मंजुरीचा पाया असतो. धर्म बौद्ध आणि जातीचा रकाना कोरा, अशी नोंद झाली की ते कुटुंब या मोजणीतून गळते. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने जाहीर झालेल्या २०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाच्या जातीची नोंद घेण्याचे ठरले आहे. तेथे हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. धर्म बौद्ध आणि अनुसूचित जातीचे जे नाव आपल्या दाखल्यावर आहे तेच नाव, अशा दोन्ही नोंदी कराव्यात. रकान्यात ती नोंद केल्याने बावीस प्रतिज्ञांपैकी एकही मोडत नाही.

घर आणि घराखालची जमीन

घरकुलाविषयी लोकांचा असा समज असतो की ते आमदारांच्या शिफारशीने मिळते. कायद्याने लाभार्थी निवडण्याचे स्थान ग्रामसभा हे आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात ६० टक्के उद्दिष्ट अनुसूचित जाती व जमातींसाठी राखून ठेवले गेले आणि सपाट प्रदेशातील घरासाठी १,२०,००० रुपयांचे साहाय्य ठरले. तेव्हा यादी वाचली जाते त्या दिवशी ग्रामसभेत हजर राहून, वगळलेल्या नावांविषयी तेथेच लेखी हरकत देणे, हा त्यातील पहिला व्यवहार. यादी भिंतीवर लागल्यानंतर होणारा आरडाओरडा कोणी इतिवृत्तात लिहीत नाही.

परंतु आपल्या लोकांचे घरकुल यादीपेक्षा जमिनीवर जास्त अडते. आपल्या वस्त्या पिढ्यानुपिढ्या गावठाणाच्या कडेला वा त्याबाहेर बसविल्या गेल्या. घर साठ वर्षांचे, पण खालची जमीन सरकारी, गायरान किंवा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची. अशा घराच्या मालकाजवळ घरपट्टीची पावती असते आणि ती तो मालकीचा पुरावा समजतो. माझ्या बांधवांनो, नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. तीत नाव असणे उपयोगाचे आहे, वहिवाट दाखविण्यास ती मदत करते, पण ती मालकीहक्काचा लेख नव्हे. हा भेद न कळल्यामुळे मी पुष्कळ कुटुंबांना कोर्टात अडचणीत आलेले पाहिले आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन घरमालकांस मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. आपल्यापुढचा प्रश्न असा की मोजणीची रेषा कोठे संपते? गावठाणाच्या हद्दीबाहेर पडलेली वस्ती त्या मोजणीत येत नाही. तेव्हा गावठाण विस्ताराची मागणी करणारा ठराव ग्रामसभेत होणे हे आपल्या दृष्टीने एका रस्त्याहून अधिक मोलाचे आहे. गायरानाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात कडक निर्णय दिला. सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवावीत, असा तो निर्णय. वस्तीला नोटीस आली की त्याचा हवाला दिला जातो. पण त्याच निर्णयात अपवादही सांगितला आहे: शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करण्यास वाव आहे. जुने आदेश, जुन्या सनदा, महार वतनाचे कागद जपून ठेवा. पत्र्याच्या पेटीतील पिवळा पडलेला एक कागद पुढे किती कामाला येतो, हे सांगून पटत नाही. आणि नोंद करताना पतीबरोबर पत्नीचेही नाव लावून घ्यावे.

विसावा हिस्सा आणि पंधरा टक्के

निधी मिळाला तर तो कशावर खर्चावा, हा प्रश्न आपल्या वस्त्यांत भांडणे लावतो. एक पक्ष म्हणतो, विहार बांधा. दुसरा म्हणतो, आधी संडास बांधा. गावाने मंदिराच्या सभामंडपाला पैसा दिला, मग आमच्या विहाराला का नाही, असाही युक्तिवाद ऐकू येतो. मला तो मोहक वाटतो, पण मान्य नाही. घटनेचे अनुच्छेद २७ सांगते की ज्याचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारार्थ मुद्दाम खर्चावयाचे आहे, असा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. गावाने घरपट्टीतून एका धर्माच्या पूजास्थानाला पैसा देऊ लागावे आणि आपण मागून म्हणावे की आम्हांलाही द्या, यात आपण त्या मूळच्या चुकीला संमती देतो. आपली हरकत पहिल्या खर्चालाच असली पाहिजे. समाजमंदिर, वाचनालय, मुलांची अभ्यासिका, मुलींसाठी प्रकाशाची सोय असलेली वाट, ही कामे सर्वांच्या पैशातून मागता येतात आणि मागावीत.

विहारासाठी बाबासाहेबांनी आपल्याला वेगळी वाट दाखवून ठेवली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावा, असे सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे शेकडा पाच. धम्माचे घर आपल्या विसाव्या हिश्शातून उभारावे आणि गटार, पाणी, अभ्यासिका पंचायतीच्या पंधरा टक्क्यांतून. यात विहाराला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या विहाराचे छत सरपंचाच्या मर्जीने पडते, त्या विहारात बसून पुढच्या निवडणुकीत सरपंचाविरुद्ध बोलणे कठीण जाते.

शहरांत राहणाऱ्यांनी हे सारे केवळ खेड्याचे आहे असे समजू नये. नगरपालिका व महानगरपालिका यांची अंदाजपत्रकेही अशीच असतात, फक्त आकडे मोठे आणि दारे जास्त. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून आपल्या प्रभागातील लहान कामे अर्जाद्वारे मागविण्याची पद्धत सुरू केली. असे अर्ज भरण्यात सोसायट्यांतील सुशिक्षित मंडळी तत्पर असतात. झोपडपट्टीतील आपल्या मंडळांनीही ते भरावेत.

सभेत कसे जावे

ग्रामसभेची नोटीस सभेच्या सात दिवस अगोदर निघावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास सभा भरविण्याचा प्रघात आहे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. यावरून आपल्या ध्यानात येईल की चाळीस घरांची वस्ती एकदिलाने आली तर गणपूर्तीचा मोठा भाग तीच असते. आर्थिक वर्ष सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सभेत मागील वर्षाचे हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षकांचा शेरा ग्रामसभेपुढे ठेवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. तो शेरा वाचून दाखविण्याचा आग्रह धरा. सगळे चहाला उठले तरी बसून राहा.

सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. माझा अनुभव असा की पाण्याचा नळ कोठे हवा, हे पुरुष नकाशा पाहून सांगतात आणि स्त्रिया हंडा वाहिलेल्या खांद्यावरून सांगतात. महिलांच्या सभेतील मागणी मुख्य ग्रामसभेपुढे यावी लागते. आपल्या भगिनी तेथे गेल्या नाहीत, तर ती सभा सरपंचांच्या घरच्या चार बायकांच्या सह्यांवर उरकली जाते.

दहशतीचा विषय मी थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातीच्या सरपंचास वा सदस्यास बळाने किंवा धाकाने त्याचे काम करण्यापासून रोखणे, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, गुन्हा ठरला आहे. सामाजिक वा आर्थिक बहिष्कार आणि स्मशानभूमी वापरण्यास अटकाव हेही त्याच दुरुस्तीत आले. तक्रार करताना मारहाण झाली एवढेच लिहू नका; कोणत्या सभेत, कोणत्या विषयावर बोलताना रोखले, हे लिहा.

आता शेवटची व्यवहाराची गोष्ट. पुढील वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी साधारणतः २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत आपली घरे नागपूरला जाण्याच्या गडबडीत असतात, आणि वस्तीतून त्या सभेला कोणी जात नाही. म्हणून वर्षावास संपण्यापूर्वी एका रविवारी वस्तीतील सर्वांनी एकत्र बसून कामांची यादी करावी. तीन कामे पुरेत. वीस कामांची यादी कोणी वाचत नाही. प्रत्येक कामाची जागा, लांबी आणि लाभ होणाऱ्या घरांची संख्या लिहावी. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक पंचायत कचेरीत देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. शिक्का देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज त्याच दिवशी पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवावा आणि ती पावती अर्जाच्या प्रतीला टाचून विहारातील कपाटात ठेवावी.

जय भीम.